पिशवीचा निर्णय : गाठी, अतिरक्तस्राव आणि शस्त्रक्रियेच्या वादाचा आढावा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळच्या फेऱ्या संपवून बसलेल्या बायकांत हा विषय निघतो तो बहुधा आवाज खाली आणूनच. कुणाची पाळी दहा-दहा दिवस थांबत नाही, कुणाचं हिमोग्लोबिन सातवर आलंय, कुणाच्या सोनोग्राफीत ‘गाठ’ दिसली आहे. मग सल्ले सुरू होतात. ‘मुलं झाली ना? मग काढून टाक एकदाची पिशवी, सुटशील.’ ‘मुळीच काढू नकोस, माझ्या नणंदेची कंबर तेव्हापासून गेली ती गेलीच.’ ‘आमच्या डॉक्टरांना दाखव, दुर्बिणीने करतात, तिसऱ्या दिवशी घरी.’ तिन्ही सल्ले आपुलकीचे असतात आणि तिन्हींमागे एकेका बाईचा खरा अनुभव असतो. ज्या बाईला निर्णय घ्यायचा आहे तिचा गोंधळ मात्र वाढलेला असतो.

हा गोंधळ दारं कमी असल्यामुळे नाही. या मैदानापासून तीन-चार किलोमीटरच्या टप्प्यात माहीमचं हिंदुजा आहे, रानडे रोडवर सहकारी तत्त्वावर उभं राहिलेलं शुश्रूषा आहे, परळला केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह आहे. गल्लोगल्लीची नर्सिंग होम्स वेगळीच. गर्भाशयाच्या गाठींवर आज जगात जे उपचार होतात, त्यांतले बहुतेक मुंबईत मिळतात. त्याच महाराष्ट्रात बीडच्या ऊसतोड मजूर बायकांपुढे पिशवी काढणं हा एकच उपचार ठेवला गेल्याचं २०१९मध्ये समोर आलं. दादरमध्ये पर्याय जास्त म्हणून गोंधळ, बीडमध्ये पर्याय एकच म्हणून घाई. या दोन टोकांच्या मधला प्रश्न वैद्यकशास्त्रात आज कुठे उभा आहे, त्याचा हा आढावा.

गाठ आणि रक्तस्राव : दोन वेगळे प्रश्न

‘गाठ’ या शब्दानेच निम्मा घोटाळा होतो. गाठ म्हटलं की घरातल्यांच्या डोळ्यांपुढे परळचं टाटा हॉस्पिटल उभं राहतं. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूतून वाढणारी गाठ असते आणि ती जवळजवळ नेहमीच साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली असते. ती फार सामान्यही आहे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार वयाच्या पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय बायकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना फायब्रॉइड झालेले असतात. यांतल्या बऱ्याच जणींना त्यांचा पत्ताही नसतो. त्यामुळे सोनोग्राफीत गाठ दिसली, एवढ्यावरून शस्त्रक्रियेचं कारण तयार होत नाही. ती त्रास देते का, आणि होणारा त्रास तिच्यामुळेच आहे का, हे पुढचे प्रश्न आहेत.

गाठीच्या आकाराइतकीच, काही वेळा त्याहून जास्त, तिची जागा महत्त्वाची. गर्भाशय ही एक खोली धरली, तर काही गाठी खोलीच्या आत डोकावतात, काही भिंतीच्या जाडीत असतात आणि काही सज्ज्यासारख्या बाहेर निघालेल्या असतात. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने या जागांना ० ते ८ असे क्रमांक दिले आहेत. आत डोकावणारी दीड सेंटिमीटरची गाठ बाईला रक्त चढवायची वेळ आणू शकते. बाहेरच्या बाजूची सहा सेंटिमीटरची गाठ पाळीत काही फरक न करता वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. ‘केवढी आहे?’ असं सगळे विचारतात, ‘कुठे आहे?’ असं फार थोडे.

दुसरा प्रश्न रक्तस्रावाचा. किती गेलं म्हणजे ‘जास्त’? स्वीडनमध्ये १९६६ साली झालेल्या पाहणीतून एका पाळीत ८० मिलिलिटरची मर्यादा पुढे आली आणि ती कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत टिकली. पण घरी कोण मिलिलिटर मोजणार? ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना मोजमाप बाजूला ठेवतात आणि बाईच्या रोजच्या जगण्यात अडथळा येत असेल तर तो अतिरक्तस्राव मानतात. तासातासाला पॅड बदलावं लागणं, गुठळ्या पडणं, रात्री चादरीखाली टॉवेल घालून झोपणं, पाळीच्या दिवसांत लोकलचा प्रवास टाळणं, हे सगळं त्यात येतं.

या रक्तस्रावाची कारणं फिगोने २०११ साली नऊ गटांत मांडली. चार कारणं तपासणीत दिसणारी : अस्तराचा पॉलिप, अ‍ॅडिनोमायोसिस म्हणजे अस्तर स्नायूत शिरणं, फायब्रॉइड, आणि कर्करोग किंवा त्याची आधीची अवस्था. उरलेली पाच सोनोग्राफीत न दिसणारी : रक्त गोठण्यातले दोष, बीज अनियमित सुटणं (थायरॉइडचा बिघाड यातच मोडतो), अस्तराचा स्वतःचा दोष, औषधं किंवा कॉपर-टी, आणि इतर. गाठ आहे आणि रक्तस्रावही आहे, म्हणून रक्तस्राव गाठीमुळेच आहे हे गृहीतक इथे अनेकदा फसतं. चाळिशीतल्या बाईच्या सोनोग्राफीत लहानशी गाठ सापडणं नवलाचं नाही. खरं कारण थायरॉइड असेल, तर गाठ काढूनही पाळी पहिल्यासारखीच राहू शकते.

इथवरचा रस्ता

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेची सुरुवात एका चुकीच्या निदानातून झाली. १८५३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लॉवेल गावात वॉल्टर बर्नहॅम यांनी अंडाशयाची गाठ समजून एका बाईचं पोट उघडलं. निघालं ते फायब्रॉइडने वाढलेलं गर्भाशय. ते काढावं लागलं आणि बाई वाचली. त्या काळात अशा शस्त्रक्रियेतून उठणाऱ्या फारच थोड्या होत्या. भूल, निर्जंतुकीकरण, रक्त चढवण्याची सोय आणि प्रतिजैविकं आल्यावर विसाव्या शतकात ती सुरक्षित झाली, आणि सुरक्षित झाली म्हणून सर्रास होऊ लागली.

दुसरा विचारही जुनाच आहे. लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर बॉनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गर्भाशय जागेवर ठेवून फक्त गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा, मायोमेक्टमीचा, हिरिरीने पुरस्कार केला. त्यांच्या पत्नीचं गर्भाशय तरुणपणीच फायब्रॉइडमुळे काढावं लागलं होतं आणि या आग्रहामागे ते दुःख होतं, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. रक्तस्राव आवरण्यासाठी त्यांनी बनवलेला चिमटा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

मुंबईचा या इतिहासात स्वतःचा भाग आहे. १९२६ साली परळमध्ये केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं, तेव्हा भोवती गिरण्या होत्या आणि त्यांत काम करणाऱ्या बायका होत्या. मूळ गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशयाच्या मुखाला घालायचा टाका शोधला आणि मुंबईचं नाव स्त्रीरोगशास्त्राच्या पुस्तकांत गेलं. पुढे केईएममध्ये दीर्घकाळ शिकवलेले डॉ. शिरीष शेठ यांनी पोट न उघडता योनिमार्गे गर्भाशय काढण्याची पद्धत, अंग बाहेर आलेलं नसलं तरी, कशी वापरता येते हे जगभर शिकवलं. २००० ते २००३ या काळात ते फिगोचे अध्यक्ष होते. पोटावर टाका नाही, महागडी यंत्रं नाहीत, बाई लवकर हिंडू-फिरू लागते, अशी ही पद्धत सरकारी रुग्णालयाला परवडणारी होती.

१९८८ साली अमेरिकेत हॅरी राइश यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पहिलं गर्भाशय काढलं आणि ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ हा शब्द पुढच्या काळात आपल्या घराघरांत आला. १९९० साली फिनलंडमध्ये हॉर्मोन सोडणारं, कॉपर-टीसारखं गर्भाशयात बसवायचं साधन बाजारात आलं. ते आणलं गर्भनिरोधक म्हणून, पण पाळीचा स्राव कमी करण्यात ते इतकं प्रभावी ठरलं की अनेक देशांत तोच त्याचा मोठा उपयोग झाला. १९९५ साली पॅरिसच्या जॅक राविना यांच्या गटाने गाठींकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून बुजवून गाठी आक्रसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. यालाच एम्बोलायझेशन म्हणतात. एका शतकात ‘काढा किंवा सोसा’ या दोन पर्यायांचे सात-आठ झाले.

पर्यायांची शिडी

आजच्या बहुतेक मार्गदर्शक सूचना हे पर्याय शिडीसारखे लावतात. खालच्या पायरीवर बाईच्या शरीराला कमी धक्का, पण फरक पडेलच याची खात्री कमी. वरच्या पायरीवर खात्री जास्त आणि माघार नाही.

पहिली पायरी औषधांची. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड पाळीच्या दिवसांतच घ्यायचं असतं. ते गुठळी टिकवून ठेवतं आणि स्राव कमी करतं. प्रोजेस्टेरॉनच्या किंवा एकत्रित हॉर्मोनच्या गोळ्या आहेत. भारतात आणखी एक औषध वापरलं जातं. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेलं ऑर्मेलॉक्सिफीन लोकांना ‘सहेली’ या गर्भनिरोधक गोळीमुळे माहीत आहे, पण स्त्रीरोगतज्ज्ञ ते अतिरक्तस्रावासाठीही देतात. गाठ आक्रसवणारी इंजेक्शनं शस्त्रक्रियेआधीच्या काही महिन्यांसाठी असतात, कारण त्यांनी कृत्रिम रजोनिवृत्ती येते आणि हाडं झिजतात. या वाटेवर काही औषधं येऊन मागेही पडली. युलिप्रिस्टलबद्दल मोठ्या आशा होत्या, पण काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा झाल्यावर युरोपने २०२०मध्ये त्याचा वापर खूप मर्यादित केला.

दुसरी पायरी गर्भाशयात बसवायच्या हॉर्मोनच्या साधनाची. याची शस्त्रक्रियेशी थेट तुलना फिनलंडमध्ये झाली. अतिरक्तस्राव असलेल्या २३६ बायकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं हे साधन दिलं, निम्म्यांचं गर्भाशय काढलं. पाच वर्षांनी दोन्ही गटांचं समाधान आणि जगण्याची प्रत जवळजवळ सारखी होती, खर्च साधनाच्या गटात कमी होता. याच अभ्यासात दुसरा आकडाही आहे : साधन बसवलेल्यांपैकी ४२ टक्के बायकांनी त्या पाच वर्षांत शेवटी गर्भाशय काढून घेतलं. एक बाजू म्हणते, निम्म्याहून जास्त शस्त्रक्रिया वाचल्या. दुसरी म्हणते, जवळपास निम्म्या फक्त लांबल्या. आकडा एकच आहे. शिवाय गर्भाशयाची पोकळी गाठीमुळे वेडीवाकडी झाली असेल, तर हे साधन टिकून राहत नाही.

तिसऱ्या पायरीवर गर्भाशय ठेवून केलेल्या शस्त्रक्रिया येतात. आत डोकावणारी गाठ योनिमार्गे दुर्बीण घालून काढता येते. पोटाला छेद नसतो आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. गाठ योग्य जागी असेल तर सर्वांत कमी त्रासात सर्वांत जास्त फायदा इथे मिळतो, यावर फारसा मतभेद नाही. भिंतीतल्या किंवा बाहेरच्या गाठींसाठी पोटातून, उघडून किंवा दुर्बिणीने, मायोमेक्टमी होते. मूल हवं असणाऱ्या बाईसाठी हाच मुख्य रस्ता आहे. त्यातल्या अडचणी दोन. गाठी पुन्हा होऊ शकतात. आणि भिंतीत खोलवर काप गेला असेल तर पुढचं बाळंतपण बहुधा सिझेरियनने करावं लागतं.

एम्बोलायझेशनमध्ये मांडीतून किंवा मनगटातून नळी घालतात आणि हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हे, इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट करतात. ब्रिटनच्या फेम या २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५४ बायकांत एम्बोलायझेशन आणि मायोमेक्टमी यांची तुलना झाली. दोन्ही गटांना फरक पडला, दोन वर्षांनी मायोमेक्टमीचा गट थोडा पुढे होता. नेदरलँड्सच्या एमी या अभ्यासात १७७ बायकांचा दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींचं गर्भाशय पुढे काढावं लागल्याचं दिसलं. म्हणजे दोन तृतीयांश जणींचं वाचलं. गाठी नसतील किंवा अगदी लहान असतील आणि मूल नको असेल, तर अस्तर जाळण्याचाही, अ‍ॅब्लेशनचाही, पर्याय आहे. ब्रिटनमध्येच ६६० बायकांवर झालेल्या २०१९च्या अभ्यासात मात्र दुर्बिणीने गर्भाशयाचा वरचा भाग काढलेल्या बायका अ‍ॅब्लेशन झालेल्यांपेक्षा अधिक समाधानी आढळल्या.

सर्वांत वरची पायरी गर्भाशय काढण्याची. इथे पाळी थांबण्याची खात्री आहे, गाठ परत येण्याचा प्रश्नच नाही. पद्धतींची तुलना करणारे आंतरराष्ट्रीय आढावे सांगतात की जिथे शक्य आहे तिथे योनिमार्ग पहिला, तो शक्य नसेल तर दुर्बीण, आणि पोट उघडणं शेवटी. व्यवहारात मात्र पद्धत ठरते ती अनेकदा त्या डॉक्टरांचा हात कशावर बसलेला आहे यावरून.

कोण काय म्हणतं

या वादात तीन भूमिका प्रामुख्याने दिसतात, आणि तिन्हींकडे सांगण्यासारखं बरंच आहे.

पहिली भूमिका निकाल लावण्याची. तिच्या बाजूने असलेले डॉक्टर म्हणतात, चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे, मुलं मोठी झाली आहेत, हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं सात-आठच्या वर जात नाही, दोन-तीन औषधं करून झाली. अशा बाईला ‘अजून थोडं थांबू’ म्हणणं हे उपचार पुढे ढकलणं आहे. आपल्याकडे रक्तक्षय ही लहान गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. अमेरिकेत मेन राज्यात १९९४ साली झालेल्या पाहणीत गर्भाशय काढलेल्या बहुसंख्य बायकांची दुखणी आणि थकवा शस्त्रक्रियेनंतर खूप कमी झालेला आढळला होता. स्वतः बायकाही अनेकदा हेच मागतात. पुन्हा पुन्हा दवाखान्याची पायरी चढायला, रजा टाकायला, प्रत्येक वेळी नव्याने सगळं सांगायला त्यांना नको असतं. ही मागणी अज्ञानातून आलेली आहे असं धरून चालणं हा बाईचा अपमानच ठरेल.

दुसरी भूमिका गर्भाशय राखण्याची. तिचं म्हणणं असं की फायब्रॉइड जीवघेणा नाही आणि रजोनिवृत्तीनंतर तो बहुधा आक्रसतो. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७च्या आसपास जाते, म्हणजे पाश्चात्त्य बायकांहून काही वर्षं आधी. सेहेचाळिशीच्या बाईला वर्ष-दोन वर्षं औषधांनी किंवा हॉर्मोनच्या साधनाने काढता आली, तर कदाचित शस्त्रक्रियेची गरजच उरणार नाही. ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?’ या प्रश्नातच या मंडळींना चूक दिसते, कारण अवयवाची किंमत फक्त बाळंतपणात मोजलेली आहे. फॉग्सी या भारतीय स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघानेही गर्भाशय वाचवण्यासाठी मोहीम चालवली आहे. हा सूर आता वैद्यकीय व्यवसायाच्या आतूनच येतो, हे त्यामुळे नोंदवण्यासारखं आहे.

तिसरी भूमिका सार्वजनिक आरोग्याची. तिला एकेका बाईपेक्षा व्यवस्थेची काळजी जास्त. शस्त्रक्रियेतून पैसा मिळतो, समजावून सांगण्यातून मिळत नाही. मेडिक्लेम भरती झाल्यावर पैसे देतो, बाह्यरुग्ण विभागातली औषधं किंवा हॉर्मोनचं साधन सहसा त्यात बसत नाही. मग घरखर्चाच्या हिशेबातही शस्त्रक्रिया ‘स्वस्त’ पडते. लासलगावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ या पुस्तकात डॉक्टरांच्याच तोंडून अशा दबावांची नोंद केली. या भूमिकेचा आग्रह नोंदणी, तपासणी आणि जाहीर आकडेवारीचा आहे.

गडचिरोली आणि बीड

ही तिसरी भूमिका महाराष्ट्रात का रुजली, ते दोन जिल्ह्यांकडे पाहिल्यावर कळतं.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या बायकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते.

तीस वर्षांनी बीडमधून उलट बातमी आली. २०१९च्या एप्रिलमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांवर वृत्तपत्रांत लिहून आलं, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं, म्हणजे दर सहा जणींमागे एकीचं, गर्भाशय काढलेलं निघालं.

याचं कारण एकच धरता येत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून ‘उचल’ आधीच घेतलेली असते, एक दिवस ‘खाडा’ झाला तर दंड. फडावर शौचालय नाही, पुरेसं पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावरच. लग्न लहान वयात, मुलंही लवकर. अशा बाईला अंगावरून पांढरं जातं किंवा पोटात दुखतं म्हणून ती दवाखान्यात गेली आणि ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं ऐकलं, तर ती ‘काढा’ म्हणते. कार्यकर्त्यांनी बोट ठेवलं ते या भीतीवर. डॉक्टरांच्या बाजूने सांगितलं गेलं की दुखणी खरी असतात आणि सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या बाईला पुन्हा पुन्हा तपासायला बोलावणं शक्य होत नाही. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. शिडीच्या खालच्या पायऱ्या तिच्या आयुष्यात नव्हत्याच, एवढं मात्र दोन्हींतून दिसतं. यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं.

देशपातळीवरचं चित्र असं : राष्ट्रीय पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयाच्या ३.२ टक्के बायकांनी गर्भाशय काढल्याचं सांगितलं, पाचव्या फेरीत ३.३ टक्क्यांनी. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात हे प्रमाण सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. बहुसंख्य शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या आणि सांगितलेलं मुख्य कारण अतिरक्तस्राव. शस्त्रक्रियेचं मध्यक वय पस्तिशीच्या आसपास येतं, त्यावरून बरीच खळबळ झाली. ते वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी : पाहणीत पन्नाशीच्या आतल्याच बायका आहेत, त्यामुळे उशिरा झालेल्या शस्त्रक्रिया त्यात कमी येतात आणि हा आकडा मुळातच खाली ओढला जातो. तरीही तिशीतल्या इतक्या शस्त्रक्रिया का, हा प्रश्न उरतोच.

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच तक्रारींवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला. केंद्राने २०२२मध्ये केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असं त्यात सांगितलं. या सूचनांत राष्ट्र, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत आणि चाळिशीच्या आतल्या शस्त्रक्रियांवर विशेष लक्ष आहे. यावरही दुसरी बाजू आहे. परवानगीच्या कागदासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागले, तर जिला खरोखर गरज आहे तिचाच जीव टांगणीला लागतो, असं काही डॉक्टर म्हणतात. शिवाय स्वतःच्या शरीराचा निर्णय सज्ञान बाईने घ्यायचा की समितीने, हा प्रश्नही आहेच.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न अंडाशयांचा. पूर्वी चाळिशीनंतर गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढून टाकण्याची पद्धत होती. अमेरिकेतल्या सुमारे २९ हजार परिचारिकांच्या दीर्घ पाठपुराव्यातून २००९ साली दिसलं की दोन्ही अंडाशयं काढलेल्यांत स्तन आणि अंडाशयाचा कर्करोग कमी झाला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू वाढले. त्यानंतर खास कारण नसेल तर रजोनिवृत्तीआधी अंडाशयं ठेवावीत याकडे कल झुकला. अंडाशयं ठेवूनही नुसतं गर्भाशय काढल्याने हृदयाचा धोका वाढतो का, यावर मात्र एकमत नाही. मेयो क्लिनिकच्या २०१८च्या अभ्यासात, विशेषतः तरुण वयात शस्त्रक्रिया झालेल्यांत, धोका वाढलेला दिसला. पण ही निरीक्षणं आहेत. ज्यांची गर्भाशयं लवकर काढावी लागतात त्या बायका मुळातच वेगळ्या असतील का, हे अशा अभ्यासांतून पुरतं सुटत नाही.

दुसरा प्रश्न लपलेल्या कर्करोगाचा. मोठी गाठ दुर्बिणीने काढताना यंत्राने तिचे तुकडे करावे लागतात. फायब्रॉइड समजलेली गाठ क्वचित सार्कोमा निघाली, तर तुकड्यांबरोबर कर्करोग पोटात पसरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली अशी शक्यता ३५०मध्ये एक असल्याचं सांगून या यंत्राविरुद्ध इशारा दिला. नंतरच्या काही अभ्यासांनी ती हजारांत एक किंवा त्याहूनही कमी मांडली. आता अनेक ठिकाणी गाठ एका वेगळ्या पिशवीत बंद करून तिचे तुकडे करतात. शस्त्रक्रियेआधी साधी गाठ आणि सार्कोमा खात्रीने वेगळे ओळखणारी तपासणी अजून नाही.

तिसरा प्रश्न एम्बोलायझेशननंतरच्या गर्भधारणेचा. गर्भ राहतो, हे माहीत आहे. मायोमेक्टमीइतका सुरळीत राहतो का, याला भक्कम उत्तर नाही. त्यामुळे मूल हवं असणाऱ्या बाईला बहुतेक डॉक्टर तो पर्याय पुढे करत नाहीत.

चौथा प्रश्न आपल्या घरांचा. वर सांगितलेले जवळजवळ सगळे मोठे अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत. तिथल्या बाईला हॉर्मोनच्या साधनाने पहिले काही महिने थोडं थोडं डाग पडणं ही किरकोळ गैरसोय वाटेल. ज्या घरात पाळी असताना देवघरात जायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही, तिथे तीन महिने रोज ‘आज आहे की नाही’ हे ठरवत राहणं ही मोठी अडचण होते आणि साधन काढून टाकलं जातं. अस्तराच्या तपासणीचं वयही असंच : ब्रिटनमध्ये साधारण पंचेचाळिशीनंतर, फॉग्सीच्या शिफारशीत चाळिशीनंतर. आपल्या बायकांची पाळी लवकर जाते, रक्तक्षय खोल असतो, दवाखान्यात येणं उशिरा होतं. बाहेरच्या आकड्यांना इथे कितपत लागू धरायचं, हे इथल्याच अभ्यासांनी ठरायला हवं.

निर्णयाच्या दिवशी

एवढा पसारा पाहिल्यावर सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर मिळत नाही, पण बऱ्याच गोष्टींवर एकमत झालेलं दिसतं. नुसती गाठ दिसली म्हणून शस्त्रक्रिया नको. भारतात चाळिशीनंतरच्या अनियमित रक्तस्रावात अस्तराची तपासणी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. हिमोग्लोबिन खाली असेल तर शस्त्रक्रियेआधी शिरेतून लोह देऊन ते वर आणायचं. आणि बाईला मूल हवं का, रजोनिवृत्ती किती दूर आहे, आणखी किती सोसण्याची तिची तयारी आहे, हे तिलाच विचारायचं.

म्हणून तारीख पक्की होण्याआधी फाइलमधल्या एका कागदावर पाच गोष्टी असाव्यात : गाठ कुठे आहे, रक्तस्रावाची इतर कारणं कोणत्या तपासणीने वगळली, कोणतं औषध किती महिने घेऊन पाहिलं, शस्त्रक्रियेची हीच पद्धत का, आणि अंडाशयांचं काय करणार. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या बाईकडे सोनोग्राफीचे चार रिपोर्ट असतात, पण या पाचांतली निम्मी उत्तरं तिने बहुधा विचारलेली नसतात. बीडच्या फडावरून आलेल्या बाईला विचारायला वेळच नसतो, कारण उद्याचा खाडा तिच्या हिशेबात आधीच मांडलेला असतो. एकीला हवी ती डॉक्टरसमोर आणखी पंधरा मिनिटं, दुसरीला पगारी सुट्टीचे काही दिवस आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक स्त्रीरोगतज्ज्ञ.